चौथी पातळी आणि चौथी पायरी

मी वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. म्हणजे तुमच्या दुकानदाराचा किलो हा खरोखरच किलो आहे की नाही, हे ज्या शिक्क्यावरून कळतं, तो शिक्का माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असतो. तराजूत पाच ग्रॅमचा फरक निघाला तरी मी माणसाला परत पाठवतो. त्याने हात जोडले तरी, वरची ओळख सांगितली तरी, आणि एकदा तर एकाने तिथेच फतकल मारली तरी. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘पाच ग्रॅम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच आहे. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होण्याचा संभव आहे. माझ्या बिल्डिंगमध्ये तो झालेलाच आहे, आणि तोही सतरा सह्यांनिशी.

एका रविवारी सकाळी माझी ताई आली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं मोठ्या दवाखान्यात नर्स, त्यातली शेवटची बारा हेड सिस्टर. नुकतीच निवृत्त झाली; पण निवृत्त झाली ती फक्त दवाखान्यातून, हुकूम सोडण्यातून नव्हे. तिने पर्स टेबलावर ठेवली, माझी चहाची बशी बाजूला सरकवली आणि एक रंगीत पत्रक माझ्यापुढे उलगडलं.

“पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात. भेटवस्तू नको, पार्टी नको, आणि तुझं भाषण तर अजिबात नको. मला इथे चढायचंय. तू येणार आहेस.”

मी पत्रक पाहिलं. वर ‘व्हिया फेराटा’ असं लिहिलं होतं आणि खाली कंसात ‘लोखंडी वाट’. सरळसोट कातळ, त्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, बाजूने गेलेली जाड तारेची केबल, आणि त्या केबलीला दोन हुकांनी अडकवलेला एक हेल्मेटवाला माणूस. तो हसत होता. अशा ठिकाणी माणूस हसतो, याचा अर्थ एकतर फोटो जमिनीवर काढलेला असतो, नाहीतर त्याने अजून खाली पाहिलेलं नसतं.

“हे? आणि चढणार?” आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. “अहो ताई, ह्यांना माळ्यावरची बॅग काढायची असली तरी मला स्टूल धरावं लागतं.”

“स्टूल डुगडुगतं म्हणून धरतेस,” मी म्हणालो.

“स्टूल नाही डुगडुगत. पाय डुगडुगतात. स्टुलाचे नव्हे.”

ताई हसली नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “छोट्या, तुझ्याशिवाय मला जायचं नाही. का, ते तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आमच्या लहानपणीच्या घरामागे पाण्याची एक उंच टाकी होती आणि तिला चाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी होती. ताई अकरा वर्षांची असताना एका दुपारी ती चढायला निघाली आणि पाच वर्षांचा मी शेपटासारखा तिच्या मागे. ती अठराव्या पायरीवर पोचली, मी चौथीवर. तिथे मी खाली पाहिलं आणि जे भोकाड पसरलं, ते दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेलं म्हणतात. ताई वर न जाता खाली आली, एका हाताने शिडी आणि एका हाताने मला धरून तिने मला उतरवलं, शेंबूड पुसला, आणि घरी काही सांगितलं नाही. पण माझ्या आवाजाने लोक जमलेच होते. दुसऱ्या दिवशी शिडीला जाळीचं दार बसलं आणि त्याला कुलूप लागलं. टाकीवरून काय दिसतं ते ताईला शेवटपर्यंत कळलं नाही. एकोणपन्नास वर्षांत तिने हा विषय कधी काढला नव्हता, आणि न काढलेला विषय किती जड असतो हे मोजायला आमच्या कार्यालयात काटा नाही.

तेव्हा मी “बरं” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पत्रकात चार पातळ्या होत्या. पहिली नवख्यांची, तिचं नाव ‘ओळख’. दुसरी, तिसरी क्रमाक्रमाने चढत जाणारी. चौथी ‘घारीची चोच’: तिच्यात शेवटचे तीस मीटर कातळ अंगावर झुकलेला, म्हणजे माणसाने पाठ जमिनीकडे करून चढायचं. आपली पातळी आपणच एक फॉर्म भरून ठरवायची होती. त्यावर जाड अक्षरात सूचना होती की शंका असेल तर एक पातळी खालची निवडा. आता दोष माझा आहे की खात्याचा, देव जाणे. पण सरकारी माणूस जाड अक्षरातलं वाचत नाही. महत्त्वाचं सगळं बारीक अक्षरात असतं अशी आमची समजूत आहे.

ताईने तिचा फॉर्म तिथेच भरला. वय साठ, उजवा गुडघा कुरकुरतो, पूर्वी कधी चढलेली नाही, भीती थोडी. सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. मी मात्र म्हणालो, “मी उद्या ऑफिसात भरतो, शांतपणे.” हीच ती घोडचूक.

इथे एक जुनी जखम दाखवावी लागेल. आमच्याकडे दरवर्षी स्वमूल्यमापनाचा अहवाल भरावा लागतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, रक्त गरम आणि अक्कल थंड असताना, मी ‘अडचणीच्या प्रसंगी निर्णयक्षमता’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘मध्यम’ असं लिहिलं. तेव्हाचे साहेब वाचून भारावले. “असा खरा माणूस पाहिजे,” म्हणाले आणि त्यांनी मला जप्त केलेल्या तराजूंच्या गोदामात टाकलं. चार वर्षं. तिथे मी, दोनशे खोटे तराजू आणि एक मांजर. मांजरसुद्धा दुसऱ्या वर्षी सोडून गेलं. त्यानंतर आजतागायत मी कुठल्याही रकान्यात ‘उत्कृष्ट’ खेरीज काही लिहिलेलं नाही. लिहायचं ठरवलं तरी हात वळत नाही.

तर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म पुढे ओढला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेन, आणि समोरच्या टेबलावरचे सहकारी पंख्याच्या रेग्युलेटरवरून भांडत होते. हातांची ताकद: उत्कृष्ट. सलग चढ चालण्याची क्षमता: उत्कृष्ट. उंचीची भीती: नाही. अडचणीच्या प्रसंगी वर्तन: अत्यंत खंबीर, सहकाऱ्यांना धीर देतो. पूर्वानुभव: पंचवीस वर्षांहून अधिक. शेवटचं का लिहिलं म्हणाल, तर ‘अनुभव’ हा शब्द दिसला की माझ्या हातून नोकरीची वर्षंच पडतात. फॉर्म पाठवून मी डबा धुवायला गेलो. मनात पाप म्हणून नव्हतं.

बुधवारी मोबाइलवर उत्तर आलं. ‘अभिनंदन! आपल्यासारख्या अनुभवी गिर्यारोहकाचं स्वागत करताना आम्हाला आनंद होत आहे.’ मला चौथी पातळी मिळाली होती. सकाळी सहा वाजता, डोंगराच्या मागच्या बाजूला. ताईला पहिली पातळी, नऊ वाजता, पुढच्या बाजूला.

ताईला फोन केला. तिने मला दोन्ही पातळ्या पुन्हा सांगायला लावल्या. मग ती म्हणाली, “म्हणजे आपण बरोबर नाही?”

“तांत्रिक चूक झालीय. मी बघतो.”

“राहू दे रे. मी माझंही रद्द करते. एकटीने जायचं असतं तर मी कधीच गेले असते.” आणि ती रागावली नाही. हेड सिस्टर रागावली नाही म्हणजे परिस्थिती गंभीर आहे हे समजण्याइतकी अक्कल मला आहे. तेवढं एक ‘उत्कृष्ट’ मी आजही मागेन. मी तिला रविवारपर्यंत थांबायची शपथ घातली आणि त्याच संध्याकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सहलीचं ऑफिस एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. एका खोलीत भिंतभर दोर आणि हेल्मेटं, दुसरीत काउंटर, आणि काउंटरमागे साखळीचा चष्मा घातलेल्या एक बाई. त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो मी रोज सकाळी साडेदहाला चढवतो. आपल्यासारखं माणूस काउंटरच्या त्या बाजूला भेटणं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

“मला पातळी कमी करायची आहे,” मी म्हणालो.

“वाढवता येते, नुसत्या सहीवर. कमी करता येत नाही.”

“उलट असायला हवं ना?”

“वाढवली तर गाइड पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात आणि परत पाठवतात. पण तुमच्यासारखे कसलेले लोक सोप्या गटात घुसतात, भराभर चढतात, फोटो काढतात, आणि नवख्यांना जागा उरत नाही.” त्यांनी माझा फॉर्म काढला. “पंचवीस वर्षांहून अधिक. छे छे! तुम्हाला ‘ओळख’मध्ये टाकणं म्हणजे अन्याय होईल.”

“अहो बाई, मला काही येत नाही हो!”

“सगळे सुरुवातीला असंच म्हणतात. नम्रपणा असतो तो.”

मी हात जोडले. बहिणीचं सांगितलं. टाकीचं सांगितलं. फतकल मारण्याचाही विचार मनात येऊन गेला. “नियम,” त्या शांतपणे म्हणाल्या. तो शब्द काउंटरच्या या बाजूने कसा ऐकू येतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मग मात्र त्यांना थोडी दया आली असावी. “प्रमाणपत्र आणा. तुम्हाला हे जमणार नाही, असं तुम्हाला नीट ओळखणाऱ्या जबाबदार माणसाने लिहून द्यायचं आणि त्यावर कुठल्यातरी कार्यालयाचा शिक्का. शुक्रवारी पाचच्या आत. पहिल्या गटात एकच जागा उरलीय.”

आयुष्यभर मी लायकीची प्रमाणपत्रं गोळा केली. नालायकीचं एक मिळवताना मात्र घाम फुटला हो! आमच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “नंबर एक! जा, चढा बिनधास्त. ही हौस मला का नाही सुचली?” मी म्हणालो, भीती वाटते असं लिहून द्या. ते म्हणाले, “भीती मशीनवर दिसत नाही.” शिवाय गुडघ्यांचं कौतुक केलं. आयुष्यात माझ्या गुडघ्यांचं कुणी कौतुक केलं नव्हतं. केलं ते नेमकं त्या दिवशी.

घरी जिन्यात विमावाले भेटले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि विम्याचं काम करतात, त्यामुळे जिथे धोका आहे तिथे ते न बोलावता हजर असतात. मी चूक केली आणि त्यांना सगळं सांगितलं.

“एवढंच ना? मी लिहितो!” त्यांचा चेहरा उजळला. “मी तुम्हाला एकोणीस वर्षं ओळखतो. कागद आणा.”

मला वाटलं दोन ओळी लिहितील. माणूस आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने दोन पानं भरली. जिन्यात पाल होती म्हणून मी पाऊण तास दुसऱ्या मजल्यावर उभा राहिलो, ते लिहिलं. लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा मी आतून माझी विमा पॉलिसी कोणत्या कपाटात आहे ते ओरडून सांगितलं, ते तर त्यांनी तारखेनिशी लिहिलं. गच्चीवर अँटेना बसवताना मी कठड्यापासून सहा फुटांवर पोटावर झोपून सूचना दिल्या, तेही लिहिलं.

“झोपलो नव्हतो,” मी म्हणालो. “वाकलो होतो.”

“झोपला होतात,” ही म्हणाली. “शर्टाला डांबर लागलं होतं. मीच घासलं.” आणि तिने खुर्ची ओढून घेतली. “तो बल्बचा प्रसंग घातलात का?”

विमाव्यवसायात एका सहीवर कुणाचा विश्वास नसतो. त्यांनी कागद उचलला आणि ते मजल्यामजल्याने फिरले. मागे पाण्याच्या पंपासाठी मी स्वतः आठ महिने दारोदार हिंडलो होतो तेव्हा सहा सह्या मिळाल्या होत्या. माझ्या भित्रेपणावर चाळीस मिनिटांत सतरा मिळाल्या. तळमजल्यावरच्या आजींना दिसत नाही, त्यांनी मजकूर वाचून घेतला आणि “अगदी बरोबर आहे, बिचारा” म्हणून अंगठा दिला. चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले होते, येऊन पुरता आठवडा झाला नव्हता. त्यांनीसुद्धा सही केली! मी विचारलं, तुम्ही मला कधी पाहिलंत? ते म्हणाले, “परवा बाल्कनीत. कपडे वाळत घालताना डोळे मिटले होते तुम्ही.”

सगळ्यांत शेवटी हिने सही केली आणि सहीच्या वर एक ओळ आपल्या हाताने लिहिली: ‘तरी माणूस चांगला आहे आणि बहिणीसाठी येतो आहे.’ ते वाचून मला तिच्याशी भांडायचं होतं ते राहून गेलं.

आता उरला शिक्का. कार्यालय म्हटलं की माझं एकच, आणि शिक्का म्हटला की साहेबांच्या सहीशिवाय तो उठत नाही. शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो. त्यांनी दोन्ही पानं वाचली. पालीपाशी थांबले, परत वाचलं. मग कपाटातून माझी फाईल काढली.

“तुमच्या गेल्या वर्षीच्या अहवालात लिहिलंय, ‘संकटात खंबीर, सहकाऱ्यांना धीर देतो’. त्याखाली मी लिहिलंय, ‘सहमत’. आता ह्याच्यावर सही केली तर मी काय ठरतो?”

मी मान खाली घातली. तीन वर्षांनी निवृत्ती, एक बढती अजून बाकी, आणि माझ्याच हाताने मी माझा ‘उत्कृष्ट’ साहेबांच्या टेबलावर उघडा पाडत होतो. गोदाम डोळ्यांपुढे आलं. ते मांजरही आलं. तरी मी म्हणालो, “साहेब, फाईलमधलं खोटं आहे. ह्यातलं खरं आहे. अँटेनाचा प्रसंग सोडून, त्यात मी वाकलो होतो.”

साहेबांनी उठून दार लावलं. परत येऊन ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्या अहवालात पोहणं हा छंद लिहिलेला आहे. बावीस वर्षं. मी बादलीनेसुद्धा जपून अंघोळ करतो.” आणि त्यांनी खण उघडला. “कोणता शिक्का मारू? ‘प्रमाणित’ तर मारता येणार नाही.”

आम्ही दोघांनी शिक्के पाहिले. आमच्याकडे नापास तराजूंसाठी एक जांभळा शिक्का आहे: ‘मापात फरक. दाखवतो जास्त, असतो कमी.’ अठ्ठावीस वर्षांत तो मी हजारो तराजूंवर मारला असेल. साहेबांनी शाईच्या पॅडवर तो नीट दाबला आणि माझ्या नावाच्या बरोब्बर खाली उठवला. खाली सही. माणसाने असा ठसठशीत शिक्का फार कमी वेळा पाहिला असेल.

पाचला दहा कमी असताना मी काउंटरवर पोचलो. बाईंनी पानं वाचली, सह्या मोजल्या, हिची ओळ वाचताना जराशा थांबल्या, आणि मग शिक्क्यावर बोट ठेवलं.

“हे तुमच्याबद्दल आहे?”

“तराजूंसाठी आहे. पण लागू पडतं.”

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, गेलं. पण बाई हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग रजिस्टर ओढून त्यांनी शेवटच्या रिकाम्या ओळीत माझं नाव लिहिलं.

जायच्या दिवशी ताई सहा वाजल्यापासून तयार होती. नवे बूट, आणि पिशवीत बँडेज, आयोडिन, कात्री, चार जणांना पुरेल एवढं. “कशाला?” मी विचारलं. “तू आहेस ना,” ती म्हणाली. विमावाले सकाळी गाडीपर्यंत सोडायला आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ धरला, ते मला आवडलं नाही.

पहिल्या गटात आम्ही आठ जण. गाइड म्हणजे बारीक चणीची, हेल्मेटखालून लांब वेणी सोडलेली एक बाई, आणि बोलणं इतकं थोडकं की तार करतेय असं वाटावं. तिने आमच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले. त्या पट्ट्यांत चोपन्न वर्षांचा मनुष्य कसा दिसतो, याचं वर्णन मी करणार नाही. ताईने केलं, मोठ्याने.

“प्रत्येकाला दोन हुक आहेत,” गाइड म्हणाली. “केबल खुंटीपाशी आली की एक हुक काढायचा, पुढे लावायचा. तो लागला, ओढून बघितला, की मगच दुसरा काढायचा. दोन्ही एकदम कधीही नाही.”

आता हे मला कुणी शिकवायचं? नवी पोच हातात आल्याशिवाय जुना कागद सोडायचा नाही, यावर माझी हयात गेली. पहिल्या अर्ध्या तासात, जिथे वाट डोंगराच्या कडेने आडवी जात होती, मी एकही हुक चुकलो नाही. लावायचा, ओढायचा, परत ओढायचा, मग दुसरा. मागच्यांची रांग तुंबली. गाइडने येऊन पाहिलं आणि म्हणाली, “काका, इतकं शिस्तीत काम मी फार कमी पाहिलंय.” मी ताईकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. मी उगाच पुन्हा एकदा हुक ओढला.

आणि मग शिडी आली. कातळात ठोकलेल्या बावीस लोखंडी पायऱ्या, सरळ आभाळात. गाइड आधी वर गेली. मग ताई. मग मी. ताई सावकाश पण न थांबता चढत होती, गुडघा कुरकुरत असेल तर तिचा तिलाच ठाऊक. मी एक चढलो, दोन, तीन, चार. आणि मी खाली पाहिलं.

का पाहिलं, ते मला विचारू नका. खाली जे असायचं तेच होतं. झाडं होती, पण वरून. आणि झाडं वरून बघायची नसतात. माझी बोटं लोखंडाला चिकटली. पाय थरथरायला लागले, ते थेट पट्ट्यापर्यंत. ‘अत्यंत खंबीर, सहकाऱ्यांना धीर देतो’ हे मी स्वतःशी म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. भोकाड मात्र पसरलं नाही. आवाजच निघेना.

“छोट्या?” वरून ताईचा आवाज आला. “थांबलास का?”

मी उत्तर दिलं नाही. मोठ्या बहिणीला उत्तर लागत नाही. मी मान वर केली तेव्हा मला फक्त तिच्या नव्या बुटांचे तळवे दिसले. ती बरीच वर होती, शेवटच्या चारेक पायऱ्या राहिल्या असतील. मी मोजल्या. ती अठराव्या पायरीवर होती.

“तसाच थांब,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. मी येते खाली.”

आणि तिचा उजवा बूट एक पायरी खाली आला.

तो बूट खाली येताना मी पाहिला. भीती होतीच, भीती कुठे जाते? पण तिच्यावर चढून दुसरंच काहीतरी बाहेर आलं. “ताई!” मी ओरडलो, एवढ्या मोठ्याने की मागची सगळी रांग दचकली. “एक पायरी जरी खाली आलीस ना, तर तुझी माझी बोलचाल बंद! वर जा!”

“अरे पण तू...”

“माझं मी बघतो! दोन हुक लावलेत, दोन्ही ओढून बघितलेत, मी कुठेही जात नाही. तू वर जा. तेव्हा मी तुला जाऊ दिलं नाही ग. आता जा.”

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. ताईचा बूट मधल्यामध्ये तसाच होता. एकोणपन्नास वर्षांची सवय ती, सुटता सुटत नव्हती. मग तो बूट वर गेला. एकोणीस. वीस. एकवीस. मग तळवे दिसेनासे झाले, आणि वरून तिचा फक्त एक शब्द ऐकू आला.

“अगंबाई!”

मी वाट पाहिली. चौथ्या पायरीवर, लोखंडाला मिठी मारून. “काय दिसतंय?” मी विचारलं.

मी एक हुक पुन्हा ओढून बघितला.

“ताई, काय दिसतंय वरून?”

“नाही सांगत,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात अकरा वर्षांची एक मुलगी होती. “ये आणि बघ.”

अहो, हा काय प्रकार आहे? माणूस मरणाच्या दारात उभा आहे, सख्खी बहीण आहे, एकतीस वर्षं हिने रुग्णांची सेवा केलीय, आणि सांगत नाही म्हणते! मला इतका राग आला की मी पाचवी पायरी चढलो. सहावीवर गेलो ते तिला दोन शब्द सुनावायला. प्रत्येक खुंटीला एक हुक, मग दुसरा. आणि दर पायरीला डोळे मिटून, उघडून, मनातल्या मनात तिला नावं ठेवत मी ज्या पायऱ्या चढलो त्या मीच जाणे. माझ्या मागचे सहा जण किती वेळ ताटकळले कुणास ठाऊक. बाविसाव्या पायरीवर एक हात खाली आला, मनगटाला घड्याळ उलटं बांधलेला, नर्स बांधतात तसं. तो मी धरला.

वर एक सपाट कातळ होता, सतरंजीएवढा. ताई हेल्मेट घालून बसली होती, डोळे ओले, नाक लाल. मी तिच्या शेजारी टेकलो आणि समोर पाहिलं. खूप लांबपर्यंत घरं होती, रस्ते होते, एक नदी होती. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, चहाच्या कपाएवढी, एक पाण्याची टाकी उभी होती. आपली ती नव्हेच. कुणाची तरी.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच,” ताई म्हणाली आणि तिने पिशवीतून रुमाल काढून माझं नाक पुसलं. सगळ्या गटासमोर, चोपन्नाव्या वर्षी. मी पुसू दिलं.

खाली आल्यावर गाइडने सगळ्यांना एकेक फॉर्म दिला. पुढच्या वेळी कोणती पातळी, ते आत्ताच कळवायचं. ताईला ती म्हणाली, “मावशी, तुम्ही दुसरीला या. सहज जमेल.” ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती ‘पहिली’ या शब्दावर पेन नेऊन थांबली.

मी तिच्या हातातला कागद ओढला आणि ‘दुसरी’वर खूण केली. मग माझा फॉर्म पुढे घेतला. वाढवायला नुसती सही पुरते, हा नियम मला ठाऊक होता. पातळी: दुसरी. हातांची ताकद: मध्यम. अडचणीच्या प्रसंगी वर्तन: मध्यम, बहीण वर असल्यास बरं. उंचीची भीती या रकान्यात आधी ‘आहे’ लिहिलं, मग जागा उरली होती म्हणून पुढे ‘पुष्कळ’ असंही लिहिलं, आणि सही केली.

ताईने चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग कागद मला परत दिला.

“खरं लिहिताना तुझं अक्षर किती वाईट येतं रे,” ती म्हणाली. “सवय कर.”